शितामागचं ऋण

॥ श्री गुरुदेव दत्त ॥
🌼 गुरुवारचं निरूपण 🌼

(सेवेकऱ्यांकडून: गेल्या गुरुवारच्या सत्संगातलं निरूपण उतरवून काढलं आहे. कापणी तोंडावर आल्यामुळे पेडणे-डिचोलीकडच्या बऱ्याच मंडळींना यायला जमलं नाही, म्हणून पूर्ण देत आहोत. आपापल्या घरच्या ग्रुपवर पाठवावं. ज्यांना मोबाईलवर वाचायला त्रास होतो अशा वडीलधाऱ्यांना कोणीतरी वाचून दाखवावं.)

बाळांनो,

मागच्या आठवड्यात आपल्यातल्याच एका घरच्या ग्रुपवर वाद झाला. मला कोणी मुद्दाम सांगितलं नाही, पण ग्रुपवरची गोष्ट मठात पोचायला किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे. काकांनी सकाळी शाकाहाराच्या महिम्याचा संदेश टाकला. त्याखाली पणजीला कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याने लिहिलं, "काका, तुमच्या भातासाठी पण जीव मरतात. नांगराखाली मरतात, औषध मारताना मरतात, कापणीच्या मशीनखाली मरतात. मग आमच्या चिकनला नावं कशाला ठेवता?" काकांनी त्याला ग्रुपातून काढून टाकलं. काकूने परत घेतलं. काकांनी पुन्हा काढलं. शेवटी आजीने दोघांना फोन करून झापलं तेव्हा थांबले.

आता बघा, मुलाला ग्रुपातून काढलं म्हणून प्रश्न जात नाही. मुलगा अर्धं खरं बोलला. आधी ते अर्धं खरं नीट मान्य करूया. उरलेल्या अर्ध्याकडे नंतर येऊ.

शेतीत जीव मरतात ही गोष्ट काही मोबाईलने शोधून काढलेली नाही. आपल्या आज्यांनी ती कधी लपवली नव्हती. नागपंचमीची कहाणी आठवा. शेतकरी नेहमीसारखा नांगर घेऊन शेतात गेला. शेतात वारूळ होतं, त्यात नागिणीची पिल्लं होती. फाळ लागला आणि पिल्लं मेली. नागीण आली, तिने रक्त लागलेला नांगर पाहिला, माग काढत घरी गेली आणि सगळ्या घराला डसली. मग उरलेल्या लेकीला शोधत तिच्या सासरी गेली. तिथे ती मुलगी पाटावर नाग काढून त्याची पूजा करत बसलेली. नागीण ते बघून शांत झाली आणि तिनेच अमृत देऊन माहेरची माणसं उठवली.

पातोळ्या खाण्याच्या नादात आपण ही कहाणी पुरती ऐकत नाही. त्यातला शेतकरी दुष्ट नाही. त्याने मुद्दाम काही केलं नाही. तो पोटासाठी शेत नांगरत होता. तरीसुद्धा नागिणीचं दुःख खोटं आहे असं कहाणी कुठे म्हणत नाही. आणि ती शांत झाली ती कशाने? "चुकून झालं गे बाय" असं कोणी म्हणालं म्हणून नव्हे. आपली आठवण ठेवून कोणीतरी बसलंय हे तिला दिसलं म्हणून. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, खणायचं नाही, चिरायचं नाही, तव्यावर काही टाकायचं नाही. वर्षभर जे आपल्या हातून होतं ते एक दिवस हात थांबवून कबूल करायचं.

घरातही तेच. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरात पाच हिंसेच्या जागा सांगितल्यात. चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर. या पाच ठिकाणी रोज नकळत जीव मरतात. आता जात्याच्या जागी मिक्सर आला आणि चुलीच्या जागी गॅस, एवढाच फरक. शास्त्राने असं नाही म्हटलं की गृहस्थाने चूल बंद करावी. त्याने रोज पंचमहायज्ञ करावेत असं सांगितलं. त्यात देवाचा वाटा आहे, पितरांचा आहे, पाहुण्याचा आहे आणि भूतमात्रांचाही आहे. तुमच्या घरी म्हाळाला कावळ्याची वाडी ठेवतात, गाईला घास देतात, जेवायला बसताना ताटाबाहेर चार शितं ठेवतात. ती शितं म्हणजे काही शोभा नाही. ज्यांच्या जिवावर हे ताट वाढलं गेलं त्यांची ती आठवण आहे.

त्याच मनुस्मृतीत शेतीबद्दलही एक कडक शब्द आहे. लोक शेतीला चांगलं म्हणतात, पण लोखंडी तोंडाचा नांगर जमीन फाडतो आणि जमिनीतले जीवही फाडतो, अशा अर्थाचं ते वचन आहे. अश्वघोषाच्या बुद्धचरितातही एक प्रसंग आहे. राजपुत्र सिद्धार्थ रानात जातो, नांगरलेली जमीन बघतो, मेलेले किडे बघतो आणि आपलं माणूस गेल्यासारखा दुःखी होतो. पण त्या प्रसंगातली दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. त्याला उन्हावाऱ्याने, धुळीने काळवंडलेला नांगऱ्या दिसतो, थकलेले बैलही दिसतात आणि त्यांचीही त्याला दया येते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

या विषयावर सगळ्यात मोठं बोलणं कोणी केलं असेल तर ते एका खाटकाने. महाभारताच्या वनपर्वात आहे. कौशिक नावाचा ब्राह्मण झाडाखाली वेदपठण करत बसला होता. वरून बगळीने घाण टाकली. त्याने रागाने वर पाहिलं आणि बगळी जळून खाली पडली. मग भिक्षेला गेला तर घरची बाई नवऱ्याची सेवा करण्यात गुंतलेली, तिने थांबवलं. हा चिडला. ती म्हणाली, महाराज, मी काही बगळी नव्हे. धर्म शिकायचा असेल तर मिथिलेला जा, तिथे एक व्याध आहे त्याला विचारा. हा गेला तर तो मांसाच्या दुकानात बसलेला! कौशिकाला कसंसंच झालं. तुम्हालाही झालं असतं. श्रावणात तर तुम्ही त्या रस्त्याने जात नाही.

व्याध सांगतो, मी स्वतः मारत नाही, खातही नाही. बापजाद्यांचा धंदा आहे, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो. आणि मग तो कौशिकाला विचार करायला लावतो. शेती लोक पवित्र मानतात, पण नांगर धरणारा जमिनीत झोपलेले किती जीव मारतो? धान्याचे दाणे म्हणजे तरी काय, त्यातही जीव आहे. चालताना पायाखाली किती जातात? बसता-झोपताना किती? या जगात कोणाच्याच हातून हिंसा होत नाही असा माणूस दाखवा.

इथपर्यंत व्याध आणि आपल्या पुतण्याचं म्हणणं एकच आहे. पण पुतण्या इथे थांबला, व्याध थांबला नाही. त्याने पुढे सांगितलं की अहिंसेचं व्रत घेतलेल्या यतींच्या हातूनही हिंसा होतेच, पण ते यत्न करतात म्हणून ती कमी होते.

यत्नाने कमी होते. बाळांनो, सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे. शून्य होत नाही आणि सगळं सारखंही नाही. "माझ्या हातून काहीच होत नाही" असं म्हणणारे काका आणि "सगळं सारखंच" म्हणणारा पुतण्या, दोघांनीही यत्न सोडून दिलेला आहे.

आता त्याच्या चिकनकडे येऊ. हा वाद आपल्या ग्रुपवरचा नवा नाही. 2003 साली अमेरिकेत ओरेगनमधल्या एका विद्यापीठातले प्राध्यापक स्टीव्हन डेव्हिस यांनी असाच हिशोब मांडला होता. कापणी-नांगरणीत शेतातले उंदीर, पक्षी वगैरे इतके मरतात की फक्त धान्य खाण्यापेक्षा गवतावर चरणारी मोठी जनावरं खाल्ली तर एकूण कमी जीव जातील, असं ते म्हणाले. त्याच वर्षी गेव्हरिक मॅथनी नावाच्या दुसऱ्या अभ्यासकाने त्यातली खोच दाखवली. डेव्हिस यांनी मेलेले जीव दर हेक्टरी मोजले, पण एका हेक्टरावर किती माणसं जेवतात ते मोजलं नाही. धान्याचं शेत तेवढ्याच जमिनीत कितीतरी जास्त तोंडं भरतं. तोंडागणिक मोजलं की हिशोब उलटतो.

आणि आपल्या गोव्यात चिकन कुठे गवतावर चरतं? ती बंद शेडमधली कोंबडी आहे, बरीचशी घाटावरून येते, आणि मका-सोयाबीन खाऊन वाढते. एक किलो जिवंत कोंबडी व्हायला साधारण दीड ते दोन किलो खाद्य लागतं. मग त्यातून पिसं, हाडं, आतडी जातात. मक्याच्या शेतातही नांगर फिरतो, औषध मारतात, तिथेही उंदीर मरतात. म्हणजे कोंबडी खाणाऱ्याच्या खात्यात कोंबडी आली आणि तिने खाल्लेल्या मक्यातले जीवही आले. पुतण्याला मी एवढंच सांगेन की बाबा, तुझी बेरीज अर्धी राहिली, ती पुरी कर.

(नुस्त्याचं काय, असं मागे बसलेलं कोणीतरी पुटपुटलं. ऐकलं मी. समुद्राचा विषय वेगळा आहे, तो एका गुरुवारात संपायचा नाही. ज्यांच्या घरी अजून शिजतं त्यांनी माझ्यापासून तोंड लपवू नका, आणि ज्यांनी सोडलंय त्यांनी त्यांच्याकडे नाक वर करून बघू नका.)

आता शाकाहारी मंडळींकडे वळतो. आजचं खरं बोलणं त्यांच्याशी आहे.

श्रावणातली गोष्ट. पेडण्याकडचा एक साधक मठात आला. चांगला माणूस. कांदा-लसूणसुद्धा खात नाही, रोजचा पाठ चुकवत नाही. सगळे गेल्यावर शेवटी उठला आणि म्हणाला, "महाराज, प्रायश्चित्त सांगा. कितवा अध्याय वाचू?" झालं असं होतं की दोन वर्षं रानडुकरांनी त्याचं भात उकरून आडवं केलं होतं. म्हणून त्याने कुणग्याभोवती तार ओढली आणि घरातल्या लायनीचा करंट सोडला. सकाळी जाऊन बघतो तर तारेवर डुकरीण पडलेली आणि तिची पिल्लं तिच्याभोवती फिरतायत.

मी त्याला विचारलं, "तार काढलीस?"

तो काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "काढली तर भात राहणार नाही."

आता सांगा, मी त्याला कितवा अध्याय सांगायला हवा होता? तार तशीच ठेवून वाचलेला अध्याय त्या पिल्लांच्या काय उपयोगाचा?

पण मी त्याला रागावलो नाही. का ते सांगतो. दर दत्तजयंतीला मठात महाप्रसाद होतो. त्याला लागणाऱ्या तांदळातली दोन पोती दरवर्षी या माणसाच्या शेतातून येतात. पणजीहून, म्हापशाहून, मुंबईहून तुम्ही येता, पंगतीला बसता, "काय सुंदर शीत" म्हणता. ते शीत आपण सगळे जेवलोय. मनुस्मृतीत मांसाबद्दल सांगताना आठ जणांना घातक म्हटलंय. परवानगी देणारा, मारणारा, तुकडे करणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. हे वचन आपण खाटकाच्या दुकानाकडे बोट दाखवून म्हणतो. भाताच्या पंगतीत बसून म्हणून बघा. तार ओढणारा एकटा तो, आणि खाणारे आपण शेकडो.

शहरातल्या माणसाची अहिंसा फार स्वस्तात होते, बाळांनो. दुकानातून पिशवी आणायची, जेवायचं, आणि हात स्वच्छ. डुक्कर कोणी मारलं, उंदराला विष कोणी घातलं, त्या पिशवीवर लिहिलेलं नसतं. म्हणून म्हटलं, बुद्धचरितातला तो काळवंडलेला नांगऱ्या लक्षात ठेवा. सिद्धार्थाने किड्यांबरोबर त्याचंही दुःख पाहिलं होतं.

पेडण्याचं दुःख काय आहे ते मुंबईच्या मंडळींना थोडं सांगायला हवं. 2025 च्या सप्टेंबरात ओंकार नावाचा तरुण हत्ती दोडामार्गाकडून पेडणे तालुक्यात उतरला. मोपा, तांबोसे, उगवे भागात फिरला. पोटरीला आलेलं भात, केळी, माड, जे सापडलं ते खाल्लं, तुडवलं. चतुर्थी नुकतीच झाली होती. ज्याचं तोंड आपण दहा दिवस पूजलं तोच दारात येऊन उभा, आणि नावही ज्या अक्षराने आपण जप सुरू करतो तेच! लोक एका हाताने नमस्कार करत होते आणि दुसऱ्या हाताने फटाके लावत होते. मी त्यांना हसत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दोडामार्गातल्या मोर्ले गावात एका वयस्क शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला. भीती खरी आहे.

पण हत्तीची बाजूही ऐका. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती दोडामार्गातल्या मांगेलीकडे पहिल्यांदा उतरले. जंगल तुटत गेलं, वाटा अडल्या, आणि खाली तिळारीच्या खोऱ्यात पाणी आणि केळी होती. त्यांना सीमा कळत नाही. इकडे मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला, हजारो झाडं गेली. तिथले साधक मला सांगतात की डुकरं, गवे पूर्वी इतके खाली येत नव्हते. आणि गवा म्हणजे गोव्याचा राज्यप्राणी! 2016 मध्ये माकड, रानडुक्कर, गवा, एवढंच काय मोरसुद्धा उपद्रवी ठरवावा का, यावर सरकारात बोलणं चाललं होतं. कार्तिकेयाचं वाहनही यादीत आलं. शेतकऱ्याचा जीव किती मेटाकुटीला आला असेल त्याशिवाय अशी बोलणी होत नाहीत.

कोणी म्हणेल, मग शेतीच सोडावी. बरेच जण सोडतायतच. पण तुम्ही शेत पड टाकलं म्हणून घरातलं जेवण थांबतं का? तांदूळ बाहेरून येतो, भाजी बेळगावहून येते. हिंसा होती तेवढीच राहते, फक्त आपल्या डोळ्यांआड जाते. डिचोलीच्या मंडळींना याची दुसरी बाजू माहीत आहे. शिरगाव, मुळगाव, मये इथल्या शेतांत खाणींचा लाल गाळ उतरला. जिथे तो जाड बसला तिथे पेरणी थांबली, नांगर थांबला. मग ते शेत अहिंसक झालं का? ज्या शेतात नांगराखाली मरायला गांडूळच उरलं नाही, बेडूक नाही, खेकडा नाही, त्या शेतापेक्षा चार जीव मरणारं आणि चार हजार जगवणारं शेत देवाच्या जास्त जवळ आहे. भाताच्या शेतात मासळी पोसली जाते, बगळे येतात, धामण उंदीर धरते. म्हणून शेती करा. डोळे उघडे ठेवून करा.

आता काही कामाच्या गोष्टी. शेतकरी साधकांनी नीट ऐका.

करंटची तार आजच्या आज काढायची. यात सूट नाही. ती डुक्कर ओळखत नाही, शेजाऱ्याचं पोरही ओळखत नाही, आणि कायद्यानेही गुन्हा आहे. सौर कुंपण वेगळं. त्यात क्षणभराचे झटके येतात, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. कुंपणासाठी कृषी खात्याकडून मदत मिळते. आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात जाऊन विचारा, आणि एकेकटे जाण्यापेक्षा लागून शेत असलेले चार-पाच जण मिळून जा. कागदपत्रं भरायला मठातले दोन सेवेकरी तुमच्याबरोबर येतील. तो साधक आणि त्याच्या शेजारचे असे पाच जण तयार झालेत. तार त्याने काढली. पिल्लांपैकी दोन जगली असं म्हणतो.

फासा लावायचा नाही. डुकरासाठी लावलेल्या फाशात बिबटा अडकून तडफडून मेल्याच्या बातम्या आपल्या गोव्यात अधूनमधून येतात. फाशाला काय ठाऊक कोण येणार ते.

कापणीचं मशीन लावणाऱ्यांनी एवढं करा. मशीन यायच्या आधी दोन माणसांनी काठी आपटत कुणग्यातून एक फेरी मारायची. आणि बाहेरून गोल गोल आत कापत जायचं नाही. तसं केलं की सगळे जीव मधल्या तुकड्यात गोळा होतात आणि शेवटच्या फेरीत सापडतात. मधून बाहेर कापा, किंवा एका बाजूने सुरू करून डोंगराच्या, झाडीच्या बाजूला शेवट करा, म्हणजे साप-ससा-लाव्हे यांना पळायला वाट राहते. मशीनवाला कुरकुर करेल. त्याला चहा जास्त द्या.

उंदरांना विष घालण्याआधी विचार करा. विष खाल्लेला उंदीर घुबड खातं आणि तेही जातं. मग पुढच्या वर्षी उंदीर कोण धरणार? घुबडाला अपशकुनी म्हणून हाकलणारे आपण, लक्ष्मी मात्र घरात हवी.

काजूवाल्यांसाठी खास. हंगामाआधी झाडांखालचा पाला जाळून जमीन साफ करायची सवय आहे. काम पटकन होतं खरं. पण त्या पाल्यात कासव असतं, सरडे असतात, टिटवीसारखे पक्षी तर जमिनीवरच अंडी घालतात. 2023 च्या मार्चात म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा दिवसचे दिवस डोंगर धुमसत होते, हे सगळ्यांनी पाहिलं. प्रत्येक आग काजूवाल्याने लावली असं मी म्हणत नाही. पण वाऱ्याच्या दिवसात लावलेली काडी आपल्या बागेच्या गडग्याशी थांबत नाही. कोयत्याने साफ करा, पाला ओढून झाडाच्या बुंध्याशी घाला. कुजला की खतच होतं.

हत्ती आला तर मात्र शौर्य नको. मोबाईल घेऊन मागे धावू नका. वनखात्याला कळवा आणि घरातल्यांना आत घ्या.

हे सगळं शेतकऱ्याला सांगून मी उठलो असतो तर तुम्हा शहरवाल्यांना बरं वाटलं असतं. पण तार काढली, फासा काढला, विष बंद केलं, तर त्याचं नुकसान वाढणार. कोणाचं दोन पोती कमी येईल, कोणाचं चार. ते नुकसान एकट्याने का सोसावं? त्याने यत्न करायचा आणि पुण्य आपण वाटून घ्यायचं, असा कुठला धर्म आहे? सरकारी भरपाईसाठी अर्ज करायचाच, पंचनामाही वेळेवर करून घ्यायचा, पण ती मिळेपर्यंत चूल पेटायची थांबत नाही.

म्हणून यंदापासून दोन गोष्टी ठरवल्यात.

पहिली, राखण. भात पोटरीला आल्यापासून कापणीपर्यंत पेडणे आणि डिचोलीच्या आपल्या साधकांच्या शेतात रात्रीच्या राखणीला तरुण मुलांनी पाळीपाळीने जायचं. माळ्यावर बसायचं, डबे वाजवायचे, बॅटरी मारायची. ही सेवाच आहे, मठात फुलं निवडण्याइतकीच. दोघा-तिघांनी एकत्र, आणि शेतमालक बरोबर असेल तरच. हत्ती फिरत असल्याची खबर असेल त्या रात्री राखण बंद. काकांच्या त्या पुतण्यालाही मी निरोप पाठवलाय. त्याने उलट विचारलं की नेटवर्क असतं का. नसतं म्हणून सांगितलं. येतो म्हणाला.

दुसरी, पशूंचा वाटा. तुकोबांची एक आख्यायिका महिपतींनी सांगितली आहे. तुकोबांना शेत राखायला बसवलं, त्यांनी पाखरांना हाकललं नाही, पाखरांनी दाणे खाल्ले आणि मालकाने भरपाई मागितली. पुढे रास भरून आली म्हणतात. आपण चमत्काराची वाट बघायची नाही. ती रास आपण भरायची. जेवढी घरं या ग्रुपांत आहेत त्या प्रत्येक घराने रोज भात धुवायच्या आधी एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायचा. महिन्याचा साठला की मठात आणून द्यायचा. ज्या साधकाने यंदा तार, फासा, विष यातलं काही लावलं नाही आणि ज्याचं भात जनावरांनी खाल्लं, त्याच्या घरी तो तांदूळ जाईल. कोणाच्या घरी किती गेला याची वाच्यता होणार नाही. आणि महाप्रसादाचा तांदूळ यापुढे अशाच शेतांतून घ्यायचा. कमी मिळाला तर पंगतीत पेज वाढू. पेज खाऊन आपले आजे-पणजे जगलेच ना.

एका बाईने परवा विचारलं, "महाराज, आमच्याकडे रेशनचा तांदूळ येतो, तो चालेल का?" चालेल. उकडा चालेल, सुरय चालेल, जो तुम्ही खाता तोच आणा. किडलेला, जुना, देऊन टाकायचा म्हणून काढलेला नको. मुंबई-पुण्याच्या आणि आखातातल्या घरांनी मूठ डब्यात टाकायचीच. गावी याल तेव्हा तेवढा तांदूळ इथे विकत घेऊन द्या. पैसे पाठवू नका, मठात या कामासाठी पैसे घेतले जाणार नाहीत.

डबे गुरुवारी संध्याकाळच्या आरतीआधी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी ठेवायचे. डब्यावर नाव घालू नका. रिकामा डबा पुढच्या गुरुवारी तिथेच मिळेल.

जय गुरुदेव 🙏